मानधनाचा मे महिना

“पगार? सेवेचा पगार? अगं पारू, देवाच्या पालखीला खांदा देनारा मानूस कधी हजेरी मांगतो का?”

धर्मा नाखवा आमच्या अंगणात उभे राहून ओरडत होते. नाखव्यांचा आवाज असा, की ते आमच्या धक्क्यावर नुसते खोकले तरी उरणकडची जहाजं भोंगा समजून वाट द्यायची. आणि त्या दिवशी ते खोकत नव्हते. वलांडीवर वाळत टाकलेले बोंबील थरथरले, शेजारच्या कोंबड्या पत्र्यावर चढल्या, आणि जे मांजर ठार बहिरं आहे असा गावाचा समज होता, तेसुद्धा उठून दुसऱ्या आळीत राहायला गेलं. नाखव्यांच्या हातात पेपराची सुरळी होती. बातमी अशी, की महापौर आणि नगरसेवक यांचं वर्षाचं मानधन नव्यानं ठरवायचा विषय येत्या महासभेत येणार. आणि तो आणा असं लेखी मागणारी नगरसेविका म्हणजे पारूवहिनी. माझ्या थोरल्या भावाची बायको, बाजारात मासळी विकणारी, आमच्या गावाची आणि आजूबाजूच्या सेक्टरांची लोकप्रतिनिधी.

मानधन वाढायला सगळ्यांनाच हवं होतं. पण तोंडानं मागायचं कुणी? वहिनीनं मागितलं तेव्हा बाकीच्यांनी मनातल्या मनात तिला लोटांगण घातलं असेल आणि उघडपणे कपाळाला आठ्या घातल्या असतील.

“गावानं मत दिलं ते ह्याच्यासाठी?” नाखव्यांनी सुरळी हवेत फिरवली.

वहिनी आत पाटावर बसून बोंबलांच्या जोड्या लावत होती. एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा की झाली जोडी, टाकायची वलांडीच्या दोरीवर. मान वर न करता ती म्हणाली, “पालखी वर्सातून एकदा निघते, नाखवा. गटार रोज व्हातं.”

अंगणातले दोघेतिघे हसले. मीही हसलो, पण हसताना माळ्याकडे बघायचं टाळलं. कारण आमच्या माळ्यावर, सुक्या मासळीच्या पत्र्याच्या डब्यात, त्या घडीला एक पाकीट होतं. ते वहिनीला माहीत होतं, मला माहीत होतं, आणि ज्यानं दिलं त्याला माहीत होतं.

*

हे सगळं आज आठवायचं कारण म्हणजे वास. परवा नेरूळ स्टेशनाकडून चालत घरी येत होतो, तर रस्त्याच्या कडेनं गाळाचे ढीग लागलेले. नाल्यातून उपसलेला, काळा, तेलकट, उन्हानं भेगा पडलेला गाळ. लोकांना मे महिना आला की हापूस आठवतो, मला नालेसफाई आठवते. आंबा नाकाला सांगतो, ये. गाळ सांगतो, पावसाळा जवळ आलाय, बघ बाबा. त्या वासात कुजलेली पानं असतात, डिझेल असतं, कुणाच्या तरी घरातली जुनी गादी असते. आणि आमच्या गावच्या माणसाला त्यात आणखी एक वास येतो, तो शहरातल्या नाकाला येत नाही. घरात शिरलेल्या पाण्याचा.

आमचं गाव आधीचं, शहर नंतरचं. शहर आलं ते उंचावर बसलं. आजूबाजूला भराव पडला, त्यावर सेक्टर उठले, सेक्टरांवर टॉवर उठले, आणि आम्ही होतो तिथंच राहिलो, ताटाच्या मध्यभागी वाटी ठेवावी तसे. वरचं पाणी खाडीला जायचं तर गावामागच्या नाल्यातून जाणार. नाला तुंबला आणि त्याच वेळी खाडीला उधाणाची भरती असली, तर पाण्याला दोन्हीकडून दार बंद. मग ते आमच्याकडे पाहुणं येतं. वहिनी निवडून यायच्या आदल्या पावसाळ्यात असं आलं होतं. आमचा फ्रिज तरंगत घारापुरीपर्यंत गेला आणि ओहोटीला एकटाच परत आला, हे मी आजवर शंभर ठिकाणी सांगितलंय. फ्रिज शेजारच्या गल्लीत सापडला होता, हे खरं. पण पलंगावर पाणी चढलं तेव्हा माझी आई पलंगावर होती, आणि तिला उचलता उचलता दादाचे आणि माझे हात सुटता सुटता राहिले, ते मी कुठंच सांगत नाही.

तेव्हापासून आमचा दादा गप्प झाला. नाखवा अंगणात ओरडले त्या मे महिन्यात, डांबर वितळतंय अशा उन्हात, तो दाराला रेतीच्या गोण्या लावत होता. पलंगाच्या पायांखाली विटा ठेवत होता. आभाळात ढगाचं नाव नाही, आणि हा माणूस विटांवर वीट चढवतोय. येणारेजाणारे थट्टा करायचे, “काय दादा, पलंगाला लिफ्ट लावताय काय?” दादा पुढची वीट उचलायचा. मी मात्र त्यांच्या वरताण थट्टा करायचो. मला भीती वाटली की माझी जीभ सुटते. ज्या दिवशी मी गावात सगळ्यात जास्त हसवतो, त्या दिवशी मला झोप येणार नसते.

पेपरात आत्ताही तीच बातमी आहे. मधली वर्षं पालिकेत नगरसेवकच नव्हते, प्रशासक होते. आता पुन्हा सभागृह भरलंय आणि पुन्हा मानधनाचा विषय निघालाय. त्या सभागृहात या खेपेला आमच्या घरातली दुसरी बाई बसलीय. वहिनीची मुलगी दीपाली. शिकलेली, लॅपटॉपवाली. मी काही विचारलं की म्हणते, “काका, टेन्शन नका घेऊ.” टेन्शन घेऊ नको म्हणणारं माणूस घरात असलं की टेन्शन घेणारं एक तरी लागतंच, ती ड्युटी माझी.

*

बायकांसाठी राखीव झालेल्या जागेवर वहिनी उभी राहिली आणि निवडून आली. आमच्या ओट्यावर इतकी माणसं चहा पिऊन गेली, की त्या आठवड्यात नव्या मुंबईत साखरेचा तुटवडा झाला म्हणतात. मी म्हणतो, म्हणजे म्हणतात.

आणि दुसऱ्याच दिवसापासून तिचा धंदा बसला.

बाजारात तिचं नेहमीचं गिऱ्हाईक म्हणजे जाधवमामा. साताऱ्याकडचे, मार्केटात माथाडी, मानेवर कायमचा वळ. हा माणूस दर रविवारी वहिनीशी असा भांडायचा की परका मधे पडावा. “काय वो वैनी, ह्या सुरमईला काय सोन्याचं काटं हायती का?” “मामा, तुमच्या गावाला सुरमई पाह्यली व्हती का कधी, वांगी खाऊन मोठं झालाव तुमी!” मग घासाघीस, मग हसणं, मग सुरमई पिशवीत. वहिनी निवडून आली त्या रविवारी जाधवमामा आले, भाव विचारला, आणि तिनं सांगितला तो मुकाट्यानं दिला. वर “येतो, म्याडम” म्हणाले.

वहिनीचा चेहरा उतरला. मासळीवालीशी घासाघीस थांबली, म्हणजे गिऱ्हाईक उद्या दुसरीकडे जाणार. नगरसेविकेशी भांडायचं कसं? कुणाला नळाचं काम सांगायचं होतं, कुणाला पोराच्या शाळेचं. गिऱ्हाइकांनी दोन रविवार सांगितला तो भाव दिला आणि तिसऱ्या रविवारी पलीकडच्या कोळणीकडे गेले. वहिनीची टोपली दुपारपर्यंत तशीच.

आणि मानधन? यायचं की. तळव्यावर पाण्याचा थेंब घ्यावा तसं. लग्नाला आहेर, मयताला हार, मंडळाला वर्गणी, क्रिकेटवाल्यांना चषक, स्कूटरला पेट्रोल, आणि दारात बसलेल्या प्रत्येकाला चहा. सत्यनारायणाला नगरसेविका रिकाम्या हातानं गेली तर सत्यनारायणच उठून जाईल असं लोकांचं मत.

मी तेव्हा जासईच्या कंटेनर यार्डात कारकून होतो आणि उरलेल्या वेळात वहिनीचा ड्रायव्हर, लेखनिक आणि ओरडून घ्यायचं ठिकाण. मानधनाचं मागणीपत्र तिनं मलाच लिहायला सांगितलं. मी पेनाचं टोपण परत लावलं.

“वहिनी, लोक काय म्हणतील?”

“भावजी, होडीवर मानूस ठेवताना आपन काय करतो?”

ते मला सांगायला नको होतं. आमच्यात हंगाम सुरू व्हायच्या आधी देवळाच्या ओट्यावर बसतात. होडीचा मालक, होडीवर जाणारा माणूस, आणि बघायला गाव. वर्षाचं बोलून ठरतं, मोठ्यानं, चार माणसांनी ऐकावं असं. मग नारळ हातात घेतला की झालं. वर्षभर ना त्यानं मागायचं ना यानं कापायचं. न ठरवता होडीवर घेतलेला माणूस कुणालाच नको असतो. मालकाला नको, कारण तो जाळ्यातली मासळी लपवील अशी धास्ती. माणसालाही नको, कारण आपल्यावर तसा वहीम येईल ही धास्ती.

“मना बिनठरवता होडीवर घेतलाय,” वहिनी म्हणाली. “आनि होडी मोठी हाय. त्याचाच भेव वाटतो.”

*

गावामागच्या नाल्याच्या सफाईचं कंत्राट ज्याच्याकडे होतं, त्याला आम्ही गॉगलशेट म्हणायचो. उन्हात गॉगल, सावलीत गॉगल, लिफ्टमध्ये गॉगल. बारशालाही पाळण्यात गॉगल लावूनच झोपला असणार. त्याचं पोकलेन आलं, नाल्यात उतरलं, फोटो काढले, मधला गाळ उचलून काठावर ठेवला आणि निघून गेलं. एक वळवाची सर आली असती तर काठावरचा गाळ पुन्हा आत. वहिनी रोज सकाळी बाजारात जायच्या आधी नाल्यावर जाऊन उभी राहायची. पदर नाकाला लावून खाली बघत राहायची. मग महासभेत हा प्रश्न विचारणार असं तिनं जाहीर केलं. त्याच सभेत, जिथं मानधन येणार होतं.

त्या आठवड्यात गॉगलशेट बाजारात आला. पहाटेचा बाजार नुकता लागत होता, बर्फ फुटत होता, लाद्यांवर पाणी मारलेलं. वहिनीच्या टोपलीवर अजून भवानी व्हायची होती. भवानी म्हणजे दिवसाचं पहिलं गिऱ्हाईक. त्याला मासळीवाली नाही म्हणत नाही. त्याचे पैसे हातात आले की डोळे मिटायचे, पैसे कपाळाला लावायचे, टोपलीला लावायचे, आणि कमरेच्या पिशवीत टाकायचे. भवानीचे पैसे परत द्यायचे नाहीत. दिले तर टोपलीवरची लक्ष्मी उठून जाते, आणि ती लवकर परतत नाही.

गॉगलशेटनं पापलेटाच्या एका जोडीकडे बोट दाखवलं. भाव विचारला नाही. घडी घातलेलं काहीतरी तिच्या तळहातावर ठेवलं. वहिनीनं, आजवर हजारो वेळा केलं तसंच, आधी डोळे मिटले, कपाळाला लावलं, टोपलीला लावलं. मग डोळे उघडले. हातात नोटेत गुंडाळलेलं पाकीट होतं, जाड.

“पापलेट अजून हितंच हायत,” ती म्हणाली. आवाज बारीक झाला होता.

“असू द्या वहिनी,” गॉगलशेट म्हणाला. “मी मच्छी खातच नाय. सभेत जास्ती बोलू नका, एवढंच. एसीनं घसा बसतो.”

आणि गेला. मी स्कूटरवरून बर्फाची गोणी उतरवत होतो. मी पाहिलं, की वहिनी उठली, दोन पावलं त्याच्या मागं गेली, आणि थांबली. हात पुढं झाला होता, पाकिटासकट. पण पाय पुढं गेला नाही. शेजारच्या कोळणी बघत होत्या, त्यांनी भवानी झालेली पाहिली होती. वहिनी परत बसली. दुसऱ्या कुणाही माणसाला हे पाकीट फेकून देता आलं असतं. एका मासळीवालीला ते परत देता येत नव्हतं, आणि गॉगलशेटला ते पक्कं ठाऊक होतं.

त्यानंतरचे दिवस मला नुसते आवाजांचे आठवतात. गल्लीत मोटारसायकल थांबली की मी खिडकीच्या फटीतून बघायचो. फोन वाजला की वहिनीच्या हातातला बोंबील खाली. दादा विटेवर वीट ठेवायचा, त्याचा तो खट् असा आवाज. माळ्यावरचा डबा तर दिवसेंदिवस मोठा होत चालला होता. मला वाटायचं, आता तो माळा घेऊन खाली येणार आणि मधोमध बसून चहा मागणार. मी बाहेर गेलो की लोकांना वाकुल्या दाखवत हसवायचो, आणि घरात आलो की डब्याकडे पाठ करून बसायचो.

आणि अशात धर्मा नाखवा येऊन अंगणात ओरडून गेले.

*

ते गेल्यावर वहिनीनं हातातली बोंबलांची जोडी खाली ठेवली. नाखवा म्हणजे साधी असामी नाही. होड्यांची वर्षं ठरवताना देवळाच्या ओट्यावर मधोमध बसणारा माणूस. त्याला तिनं टोला लगावला होता, पण सरळ तोंडावर बघून उत्तर देता आलं नव्हतं, ते डब्यामुळे.

मग ती उठली. हात धुतले. म्हणाली, “भावजी, स्कूटर काढा.”

“कुठं?”

“त्यानं भवानी केली ना? पैसे परत देता येत नाय. मासली देता येते.”

तिनं डबा उतरवला, पाकीट उघडलं, पापलेटाच्या त्या जोडीचे पैसे काढून कमरेच्या पिशवीत टाकले, आणि पाकीट परत डब्यात. “रिकामा होईस्तो रोज न्यायची,” ती म्हणाली. “चांगली न्यायची. सडकी दिली म्हनून कोनी बोलायला नको.”

आता सांगतो ते खरं आहे, निदान त्यातलं बरंचसं. खाडीलगतच्या मोठ्या रस्त्यावर गॉगलशेटचा टॉवर. इतका उंच की वरच्या मजल्यावरून पुढच्या आठवड्याचा पाऊस दिसतो. मी पिशवी घेऊन पोचलो. वॉचमन म्हणाला, “मच्छीवाला पीछे की लिफ्ट से.” पाठीमागच्या लिफ्टमध्ये माझ्या पायांत बारा मांजरं शिरली. बाराच्या बारा नव्हती, एक होतं. पण पिशवीच्या वासावर ते असं घिरट्या घालत होतं की बारा वाटली. दार उघडलं ते गॉगलशेटच्या आईनं. गळ्यात तुळशीची माळ, कपाळाला बुक्का. माझ्या पिशवीतून पापलेटाची शेपटी बाहेर आलेली.

“अरे देवा! काय आणलंस हे?”

“तुमच्या चिरंजीवांची मासळी, आजी. पैसे आधीच दिलेत त्यांनी.”

दार असं आपटलं की खालच्या मजल्यावरच्या माणसाला भूकंप झाल्याचं कळवावंसं वाटलं असेल. पिशवी मी उंबऱ्याबाहेर ठेवली. दुसऱ्या दिवशी सुरमई. तिसऱ्या दिवशी कोळंबी. जिन्यात वास मुक्कामाला आला. सोसायटीच्या व्हॉट्सअॅपवर आमच्या मासळीवर चर्चा सुरू झाली असं वॉचमननंच सांगितलं. तोवर तो माझ्याशी मराठीत बोलायला लागला होता, कारण पिशवी शेवटी त्याच्याच घरी जायची.

पहिले काही दिवस गॉगलशेटनं फोन करून हसून घेतलं. “वहिनी कॉमेडी करतात राव!” मग फोन थांबले. मग एकदा तो लिफ्टसमोर भेटला. हसत नव्हता. माझ्या हातातली पिशवी स्वतः घेतली, तोल बघितल्यासारखी हलवली, आणि अगदी प्रेमानं म्हणाला, “वहिनींना सांग. तुमचं गाव खाली आहे. पावसाळ्यात सांभाळून राहा.”

बस, इतकंच. धमकी म्हणावी तर काळजी, काळजी म्हणावी तर धमकी. मी स्कूटर कशी चालवत आणली माहीत नाही. घरी येऊन मी वहिनीला सांगितलं, की गॉगलशेट फार घाबरलाय. खोटं बोललो. घाबरलो होतो मी. तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं, आणि म्हणाली, “पानी प्या, भावजी.”

*

महासभेच्या दिवशी मी आणि नाखवा प्रेक्षकांच्या सज्जात बसलो होतो. नाखवा धोतराच्या वर ठेवणीतला कोट घालून आले होते, वहिनीची लाज जाताना पाहायला. दोन रांगा पुढं गॉगलशेट. एसी असा, की मला वाटलं आपल्याला बर्फात घालून विकायला ठेवलंय.

सचिवांनी विषय वाचला. महापौर, उपमहापौर, सदस्य, वार्षिक मानधन. एक सदस्य म्हणाले मंजूर, दुसऱ्यानं बाक वाजवला, आणि माझी शिंक अर्ध्यात असताना विषय संपत आला होता. तेवढ्यात वहिनी उभी राहिली. हिरवं लुगडं, हातात माइक. तो तिनं तोंडाजवळ धरला आणि तिचा श्वास आधी ऐकू आला. सगळ्या सभागृहाला तो श्वास ऐकू आला. तुटक, आखूड.

“महापौर सायब, घाई करू नका. हे बोलून ठरवू. सगल्यांसमोर ठरवू. आमी होडीवर मानूस घेतो तर देवलाच्या ओट्यावर त्याचं वर्साचं ठरवतो. माझं तुमी पोट भरंल असं ठरवलं नाय. मंग एका मानसानं ठरवलं. बाजारात, भवानीला, पाकिटात घालून.”

कुजबुज झाली.

“सन्माननीय सदस्यांनी विषयाला धरून बोलावं,” महापौर म्हणाले.

“विषयालाच धरलंय, सायब. ह्योच विषय हाय. मना पगार द्या. पेपरात छापा, गल्लीत सांगा. त्याच्यावर काय घेतलं तर हे नाखवा बसलेत वरती, त्यांनी येऊन मना शिव्या घालाव्या. आनि आमच्या मागचा नाला साफ झालेला नाय. हे न बोलायसाठी ते पाकीट हाय. मी ते मासली देऊन फेडतेय. अजून बरंच बाकी हाय.”

तिनं माइक ठेवला, पण ठेवताना तो बाकावर तीनचारदा वाजला. मी नाखव्यांकडे पाहिलं. त्यांच्या मांडीवर पेपराची तीच सुरळी होती. ज्यांचा आवाज उरणला ऐकू जायचा, ते ती सुरळी उलगडून तळहातानं सपाट करत होते. आणि दोन रांगा पुढं गॉगलशेटनं मागं वळून आमच्याकडे पाहिलं. गॉगल काढला होता. आयुष्यात पहिल्यांदा मी त्याचे डोळे पाहिले. काही विशेष नव्हतं त्यांत. साधे, बारीक, थोडे थकलेले, कुणाही शेजाऱ्याचे असावेत तसे. ते पाहून मला जास्त भीती वाटली.

मानधनाचा विषय त्या दिवशी पुढच्या सभेवर गेला, तिथून मंत्रालयात गेला, आणि तिथं त्याला चांगली झोप लागली. नाल्याची फेरपाहणी लागली आणि पोकलेन परत आलं. काय काय निघालं! गाद्या, एक अख्खी स्कूटर, आणि मगर. मगर म्हणजे घोरपड, आणि तीही मेलेली. त्या पावसाळ्यात उधाणाच्या दिवशी पाणी आमच्या उंबऱ्याला लागलं. वहिनी उंबऱ्यावर पाय आत घेऊन बसून राहिली, भरती उतरेपर्यंत. पाणी पायरी चाटून परत गेलं. पलंगाखालच्या विटा दादानं काढल्या नाहीत. अजून आहेत. वहिनी पुन्हा निवडणुकीला उभी राहिली नाही. टोपली घेऊन बाजारात बसली, आणि जाधवमामा पहिल्याच रविवारी येऊन तिच्याशी इतके भांडले की तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

ती अजून बसते. आता तिच्या टोपलीशेजारी पैसे आल्याचं ओरडून सांगणारा तो छोटा डबा आहे. भवानी आता त्यातून होते. कुणी स्कॅन केलं, किती टाकलं, टाकून कुठं गेला, कपाळाला काय लावायचं? वहिनी त्या डब्यालाच नमस्कार करते. पहाटे तो डबा बोलायला लागला की मी श्वास धरून आकडा ऐकतो. मोठा असला तर? दीपालीच्या आईच्या टोपलीवर कुणी मोठा आकडा टाकून गेला, आणि मागाहून फोन करून घशाची काळजी केली तर? दीपालीला मी हे सांगितलं. ती म्हणाली, टेन्शन नका घेऊ. तिच्या सभागृहात अजून तिच्या मानधनाचं काही ठरलेलं नाही. गाळाचे ढीग रस्त्यावर आहेत, आभाळ कोरडं आहे, आणि मला रोज रात्री दादाच्या विटांचा खट् ऐकू येतो. विटा तर केव्हाच्या रचून झाल्यात.

पण त्या दिवशीचं एक सांगायचं राहिलं. सभा संपली, आम्ही खाली गाड्या लावतात तिथं आलो. नाखवा पुढं चालत होते, एकटे, कोट काढून खांद्यावर टाकलेला. स्कूटरपाशी गॉगलशेट उभा होता. मी किल्ली काढली, पण स्कूटरला लावली नाही. वहिनीच्या हातात बाजाराची रिकामी पिशवी होती. गॉगलशेट दोन पावलं पुढं आला. हळू आवाजात, गॉगल हातात तसाच धरून, त्यानं विचारलं, “वहिनी, एवढं बोललात. आता पुढं काय?”

वहिनीनं पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

“उद्या बांगडे हायत,” ती म्हणाली.